उकड्या तांदळाचा पिवळेपणा

कापडावरचे डाग हेरणारा कॅमेरा आमच्या तांदळाच्या गिरणीत आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कंपनी मोठी. तिच्या तंजावरच्या गिरणीत आम्ही सहा बायका सुपात उकडा तांदूळ घेऊन खराब दाणे वेचायचो. कॅमेऱ्याबरोबर कंपनीच्याच कोइंबतूरच्या कापडगिरणीतला एक तरुण इंजिनिअर आला. आम्ही सगळ्या त्याला तंबी म्हणायचो, तमिळमध्ये धाकटा भाऊ. रोज माझ्याच शेजारी वही उघडून बसायचा, हसून चौकशी करायचा. इतकं गोड बोलणारा माणूस उगाच येत नाही. मी डबासुद्धा त्याच्याकडे पाठ करून खायचे.

राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत राहणारी माझी वहिनी त्या सहांतली एक. कंपनीच्या बसमध्ये ती म्हणाली, "त्या तंबीला काही सांगू नकोस. त्याला कळलं की आपलं काम गेलं." सगळ्यांनी ठरवलं, तोंड उघडायचं नाही.

यंत्र सुरू झालं आणि भलतंच घडलं. कापडावर पिवळं दिसलं की डाग, एवढंच त्याला ठाऊक. उकडा तांदूळ तर पिवळसरच असतो. उलट पोटात पांढरं राहिलेला दाणा नीट उकडलेला नसतो, काढायचा तो. यंत्र नेमका तोच ठेवत होतं आणि चांगला तांदूळ कोंबड्यांच्या खाद्यात टाकत होतं. इंजिनिअर डोकं खाजवत बसला. आम्ही पदराआड हसलो.

तिसऱ्या दिवशी मी त्या टाकाऊ ढिगात हात घातला आणि माझं डोकंच फिरलं. असल्याच तांदळाच्या इडल्यांवर माझी मुलं वाढली.

"तंबी, हा डाग नव्हे, ही उकड आहे," मी म्हटलं. एक दाणा उजेडात धरून दाखवला, मग दुसरा, मग मूठभर. मी रागारागाने बोलत गेले, तो लिहीत गेला.

दोन महिन्यांत ते यंत्र आम्हा सहाजणींच्या कितीतरी पट तांदूळ निवडू लागलं. पाचजणींना घरी पाठवलं. मला ठेवलं, तेही पगार वाढवून. वहिनी आता गल्लीत दिसली की दुसऱ्या बाजूने जाते. मला माझी लाज वाटते.

काल मॅनेजरनी बोलावलं. "अक्का, आपल्या काजूच्या कारखान्यातही हेच यंत्र बसवतोय. तुम्ही तिथे नुसत्या शेजारी बसा, चुकलं तर सांगा."

मी विचारलं, "तिथे बायका किती आहेत?"

"चाळीस," ते म्हणाले, आणि गाडी किती वाजता पाठवू ते विचारलं.