दोघींपैकी दुसरी

आमच्या सासूबाईंना गल्लीत सगळे काजवाल्या बाई म्हणतात. तीन शिंपी त्यांच्याकडे शर्ट पाठवतात आणि तिघांनाही त्या सारख्याच धारेवर धरतात. बटणं एका मापाची नसली की शर्ट परत, कापड उसवत असलं की शर्ट परत. ऐंशी ओलांडली तरी खिडकीशी बसून हातानं काजं करतात. सुईत दोरा मात्र मी ओवून द्यायचा, आणि वर ऐकून घ्यायचं, "एवढा लांब कशाला? पतंग उडवायचाय का?" लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची धास्ती वाटायची. आता दिवसाकाठी आमचं एखादं भांडण झालं नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं होतं.

अशा या बाईनं मागच्या हिवाळ्यात कॉलरचं काज करता करता, मान वर न करता मला सांगितलं, "माझी जुळी कुठं पुरलीत, तेवढं शोधून दे."

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना जुळं झालं होतं आणि दोन्ही बाळं मेलेलीच जन्मली, एवढंच मला माहीत होतं. घरात तो विषय कोणी काढत नसे. सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायचे, स्वभावानं गरीब माणूस. पण सासूबाईंनी एकदा या बाळांबद्दल विचारलं, तेव्हा ते जेवणावरून उठून गेले होते म्हणे. ते वारल्यावर आता कुठं त्यांनी माझ्याकडे तोंड उघडलं.

"मुलगे होते का मुली, तेसुद्धा मला कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "दाखवलीच नाहीत. मी जायच्या आत त्या जागेवर एकदा बसून येईन म्हणते."

नवऱ्याच्या कानावर घातलं तर म्हणाला, "कशाला खाजवून खरूज काढायची?" मी म्हटलं, "खरूज तुझ्या आईची आहे. काढायची का नाही ते तिला ठरवू दे."

सासूबाई बाळंत झाल्या तो दवाखाना कधीच बंद पडलाय, तिथं आता सोफे विकतात. जुने कागद नोंदणी कचेरीच्या तळघरात गेलेले. तिथल्या नोंदणीवाल्या बाई खोकत खोकत कपाटं उघडायच्या आणि सगळा दोष धुळीला द्यायच्या. मेलेल्या जन्मलेल्या जुळ्यांचं सांगून मी जन्माची वही मागितली, तर त्यांनी मान हलवली. "मेलेलं जन्मलं ना? मग ते जन्मात नसतं आणि मृत्यूतही नसतं. त्यांची वही वेगळी. उपजत मृत्यूंची."

ती वही बारीक होती. सासूबाईंचं नाव लवकरच सापडलं. मुलगी. पुढे शेऱ्यात लिहिलेलं, जुळ्यांपैकी पहिली. मी खालची ओळ बघितली तर तिथं दुसऱ्याच कुणाचं नाव.

"दुसरी कुठाय?"

"एकच आहे."

"अहो बाई, जुळी होती. जुळी म्हणजे दोन, एवढा हिशेब तरी लिहिणाऱ्याला यायला हवा होता." माझा आवाज चढला होता. तशी बाईंनी मघाशी मी मागितलेली जन्माची वही काढली आणि ती तारीख उघडली. तिथं होती ती. मुलगी, जिवंत, जुळ्यांपैकी दुसरी. नावाची जागा कोरी. मग बाईंनी मृत्यूची वही आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली होती.

एक रात्र आणि एक दिवस ती त्याच इमारतीत कुठंतरी होती आणि तिच्या आईला ते कोणी सांगितलं नव्हतं. नोंदणीवाल्या बाईंनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं आणि न मागता तिन्ही नोंदींच्या नकला करून दिल्या.

तिथून मी दफनभूमीवर गेले. रखवालदारानं दफनाच्या नोंदींचं जुनं बाड काढलं. सासरे दोनदा आले होते, लागोपाठ दोन दिवस. पहिल्या सहीत त्यांचं पाट्यांवरचं वळणदार अक्षर होतं. दुसरी सही नुसती ओढलेली होती, त्यांची आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं. रखवालदारानं जागा दाखवली. मागच्या भिंतीलगत लहानग्यांचा कोपरा, नुसतं गवत, खूण कसलीच नाही. मला सासऱ्यांचा भयंकर राग आला. त्याच भिंतीशी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलेला तो माणूस डोळ्यांपुढून हलेना, आणि मी रागावून रडायला लागले. बाळ जगणार नाही, बाईला लळा लागू देऊ नका, असं त्यांना कोणी सांगितलं का त्यांनीच ठरवलं, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तो ओट्याला धरून उभा राहिला. "जागा दाखव तिला," तो म्हणाला. "बाकीचं पोटात ठेव. बाबा तिच्या मनातून उतरतील. या वयात तिला काय मिळणार ते कळून?"

त्याचं मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. पण मी बाहेर गेले तर सासूबाई शर्ट बाजूला ठेवून बसल्या होत्या. हातात काम नाही असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"मुली होत्या, आई. दोघी."

"मुली," त्या म्हणाल्या. चेहरा क्षणभर उजळला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आणखी काय? तुझ्या पोटात काही राहत नाही. सांग."

मी सांगितलं. खालच्या मानेनं, जेवढं लिहिलेलं होतं तेवढंच. त्या किंचाळतील, सासऱ्यांना शिव्या देतील, असं मला वाटत होतं.

"रडत होती ती," त्या म्हणाल्या. "रात्रभर रडत होती. मी ह्यांना म्हटलं, आपलं बाळ रडतंय. हे म्हणाले, शेजारच्या खोलीतलं आहे. नर्सला सांगितलं, तर ती म्हणाली, बाळंतिणीला असे भास होतात. मी उठायला लागले तर दोघांनी मला दाबून धरलं. मग मलाही वाटलं, भासच असणार. जन्मभर वाटलं, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं."

नवरा दारात येऊन उभा होता.

"भुकेचं रडणं होतं," त्या म्हणाल्या. "कळतं ते. मला पान्हा फुटला होता आणि त्यांनी छाती आवळून बांधली. वहीत लिहिलंय का गं, तिला कोणी पाजलं का?"

"नाही, आई."

"नीट बघ."

मी नकला उलगडून पुन्हा पहिल्यापासून वाचल्या आणि नाही म्हणून त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं.