लाजरबाबांचा रविवार

मे महिन्यात नागपूरला निघाले आहे, असं मी शाळेच्या शिक्षक-खोलीत जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. नाशिकची माणसं सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जातात. पण माझी थोरली बहीण नागपूरला दिलेली, आणि मास्तरणीला मोठी सुट्टी मिळते ती उन्हाळ्यातच. मग करणार काय?

पोहोचल्याच्या संध्याकाळी ताईने मला गांधीबागेत नेऊन दोन सुती दुपट्टे घेऊन दिले. एक डोक्याला, एक तोंडाला. घरी आल्यावर माझ्या पर्समध्ये तिने एक कांदा टाकला.

"हा कधी खायचा?"

"खायचा नाही, जवळ ठेवायचा. लू लागत नाही."

पुढचा आठवडाभर त्या कांद्याचा वास माझ्या रुमालाला, कंगव्याला आणि बायबललाही येत होता. लू मात्र लागली नाही, हे कबूल करायला हवं.

आमचं कुटुंब अँग्लिकन पंथाचं. नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये उंच छत, चकचकीत बाकं आणि डोक्यावर पंखे. मी तिथे ऑर्गन वाजवते. ही गोष्ट भाऊजींनी कुणाला तरी सांगितली असणार, कारण शनिवारी ते हसत हसत घरी आले आणि म्हणाले, "उद्या बिशपसाहेबांबरोबर खेड्यावर जायचं. पेटीवाले लग्नाला गेलेत. मी तुझं नाव देऊन टाकलं."

मला विचारायची पद्धत आमच्या घरात पूर्वीपासूनच नाही.

रविवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत जीप दाराशी आली. लष्कराने मोडीत काढलेली, टपाच्या जागी ताडपत्री. पुढे बिशपसाहेब आणि ड्रायव्हर श्यामराव, मागे मी, मांडीवर पेटी, पायाशी बिशपसाहेबांची धर्मकाठी. मेंढपाळाच्या आकड्यासारखी वाकवलेली ही काठी तीन तुकड्यांची होती. प्रवासात ती सुटी करून ट्रंकेत ठेवायची आणि गावात गेल्यावर फिरवून जोडायची.

बिशपसाहेब उंच, सावळे आणि वेळेचे फार पक्के. श्यामराव बरोबर उलटे, गप्पिष्ट. ते बौद्ध, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा श्यामराव मिसरूड फुटायच्या वयाचे होते. नोकरी चर्चची. "सहा दिवस गाडी चालवतो, सातव्या दिवशी बी गाडीच चालवतो जी," ते म्हणाले.

हुडकेश्वर मागे पडलं. ते तेव्हा शेतांच्या मधोमध वसलेलं लहानसं गावच होतं. पुढे काळी रानं लागली, कापूस निघून गेलेली, भेगाळलेली. मधूनच एखादा पळस. मी विचारलं, "खेड्यांच्या भेटीला हाच महिना का निवडता? थंडीत नाही का जाता येत?"

"थंडीत लोकं कापूस वेचून राहिले असतात, बाई. अन् पावसाळ्यात नदी भरली का बिशपसाहेबाले पोहत जावं लागन. उन्हाळ्यात नदी आटते, तवाच गाडी जाते."

बिशपसाहेब पुढे बघतच हसले. आज त्यांना दोन गावं करायची होती. आधी बेलटोली, मग ऊन चढायच्या आत पलीकडचं गाव. बेलटोलीत काहीजणांचं दृढीकरण होतं. बाप्तिस्मा लहानपणी झालेला असतो. मोठेपणी बिशप डोक्यावर हात ठेवून तो विश्वास पक्का करतात. आमच्यात दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपुढे जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायला बसता येत नाही. शहरात बिशप हाकेच्या अंतरावर असतात. बेलटोलीत ते कित्येक वर्षांनी येत होते.

नदी आटली होती हे खरं. पण आटलेल्या नदीत वाळू असते, हे श्यामरावांनी सांगितलं नव्हतं. बरोबर मध्यावर जीपची मागची चाकं रुतली आणि इंजिन नुसतंच गुरगुरू लागलं. पलीकडच्या काठावर अख्खं गाव ढोलक, झांजा आणि चाफ्याचे हार घेऊन उभं होतं. त्यांना वाटलं, साहेब प्रार्थनेसाठी थांबले आहेत! ते शांतपणे वाट बघू लागले.

मग श्यामरावांनी मदतीला बोलावण्यासाठी हॉर्न दाबला. चांगला लांबलचक.

त्याच वेळी गावची गुरं डोहावर पाण्याला येत होती. अशी आरोळी त्यांनी जन्मात ऐकलेली नसावी. शेपट्या वर करून सगळा कळप उधळला आणि पळसाच्या झुडपांतून जंगलाच्या बाजूला निघाला. मागे असलेला मिशाळ गडी ओरडून ओरडून थकला, एक गाय वळेल तर शपथ. तेवढ्यात काठावरच्या गर्दीतून, अगदी पुढे उभा असलेला एक म्हातारा बाहेर पडला. कडक धुतलेलं धोतर, नवी बंडी, डोक्याला पांढरा फेटा. त्याने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा गुरांकडे. "आलोच जी!" म्हणाला आणि धोतराचा सोगा तोंडात धरून पळत सुटला.

गावकऱ्यांनी चाकांखाली पळसाच्या फांद्या घालून जीप ढकलून काढली. ढोलक वाजलं, हार पडले. माझी पेटी एका किडकिडीत आजींनी माझ्या हातातून काढून डोक्यावर घेतली. त्या मात्र वळून वळून झुडपांकडेच बघत होत्या.

"कोण होते ते?" मी विचारलं.

"आमचेच बुवा होत. लाजर. गावाचे ढोरकी (गुरं राखणारे) होत ना, जी."

आजींचं नाव मार्थाबाई, लाजरबाबांची बायको. त्या नागपूरला मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या, तिथेच त्यांचं दृढीकरण झालेलं. लाजरबाबांचं राहूनच गेलं. बिशप येत तेव्हा ते गुरांमागे रानात असत. एकदा गाय व्याली, एकदा बैल चिखलात फसला. गुरांना रविवार कळत नाही.

"लग्न झालं तवापासून मी एकटीच पुढं जाऊन राहिली, अन् हे मागं भिंतीपाशी बसून राहिले," मार्थाबाई म्हणाल्या. "आवंदा पुतण्याले कळप देल्ला. महिनाभर पाठांतर केलं. सारे प्रश्न, दहा आज्ञा, सारं. कोणापुढं म्हणन? ढोरांपुढंच म्हणे. आमच्या गाईंले दहा आज्ञा पाठ हायेत!"

हे सांगताना त्या हसल्या, पण डोळे झुडपांकडेच होते.

बेलटोलीचं देऊळ (तिथे चर्चला देऊळच म्हणतात) म्हणजे कौलारू लांबट खोली. चुन्याने नुकतीच पांढरी केलेली, जमीन शेणाने सारवलेली, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. बाहेर कडुलिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. चपला बाहेर, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. सकाळच्या गार जमिनीवर मांडी घालून पेटी पुढे ओढली आणि मी पहिला सूर धरला, तेव्हा मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. का कोण जाणे! गाणी आमचीच, पण ढोलकवाल्याने ती अशी काही पळवली, की मला त्याच्यामागे धापा टाकत जावं लागलं. नाशिकला जे गीत आम्ही माना खाली घालून म्हणतो, ते बेलटोलीत टाळ्या वाजवत म्हणतात. मला त्यांचंच बरोबर वाटलं.

दृढीकरणाची वेळ आली. पाळकसाहेबांनी नावं वाचली. हा तरुण पाळक सायकलवरून पाच-सहा गावं सांभाळायचा, कष्टाळू, पण नियमाला नियम. "लाजर," ते म्हणाले. कुणी उठलं नाही. पुन्हा म्हणाले. मग पुढचं नाव.

प्रभुभोजन सुरू झालं. मी हळू वाजवत होते. बाया एकेक करून उठल्या, पुढे जाऊन गुडघे टेकून आल्या. मार्थाबाई उठल्याच नाहीत. शेजारणीने कोपराने ढोसलं, तरी नाही.

सेवा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "आजी, तुम्ही का नाही गेलात?"

"आज दोघं मिळून जाऊ म्हटलं होतं, बाई. आज एकटी काहून जाऊ?"

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. फार वाईट वाटलं.

बाहेर आमराईत वेगळीच धांदल चालू होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत होते. पाटलांच्या मळ्यातली वांगी आली होती. भाजीचे मोठाले गंज बौद्ध वस्तीतून आले होते. तिथे नुकतीच बुद्धजयंती झाली होती, त्यामुळे ते घासूनपुसून तयारच होते. पण आमच्या नशिबी नुसतं पन्हं, कारण बिशपसाहेब घड्याळ बघत होते. श्यामरावांनी पाटलाच्या सालदाराला विचारलं, तेव्हा कळलं, की गुरं पार टेकडीपाशी गेली आहेत. लाजरबाबा एकेक करून परत वळवत आहेत. अजून अर्धा-पाऊण तास तरी.

"थोडं थांबता येईल का?" मी धीर करून बिशपसाहेबांना विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. "त्या गावात माणसं पहाटेपासून बसली आहेत, बाई. एकासाठी साऱ्यांना उन्हात कसं ठेवू?"

"पुढच्या खेपेला बघू," पाळकसाहेब म्हणाले. पुढची खेप म्हणजे कधी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जीप चिंचेच्या दाट सावलीत उभी होती. मी पेटी बॉनेटवर टेकवली आणि पदराने घाम पुसला. बॉनेट माठासारखं गार होतं. मी मुद्दाम हात पसरून ठेवला, तेवढाच थंडावा. तेवढ्यात श्यामराव आले. पेटी बाजूला ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि मोठ्याने चुकचुकले.

"काय झालं?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"इंजिन लय गरम झालं, साहेब. वाळूत ताण पडला ना. आता चालवली तं जळून जाईन."

मी पेटी उचलली आणि दोन पावलं मागे सरकले.

बिशपसाहेब पुढे आले. श्यामरावांनी घाईघाईने बॉनेट खाली आदळलं. बिशपसाहेबांनी त्यावर आपला तळवा ठेवला. चांगला सावकाश, दाबून. श्यामराव स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"खरंच की," बिशपसाहेब म्हणाले, "चांगलंच तापलंय." मग पाळकसाहेबांकडे वळून म्हणाले, "तुम्ही सायकलने पुढे व्हा. मंडळींना म्हणावं, आता जेवूनखाऊन झोपा, संध्याकाळच्या गारव्यात सेवा करू."

पाळकसाहेब दुपट्टा गुंडाळून सायकलवर बसले. मी माझा कांदा त्यांना देऊ केला. त्यांनी खिशातून स्वतःचा काढून दाखवला.

लाजरबाबा आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत फाटलेलं, बंडीला काटे, फेटा कुठे पडला देव जाणे. "मले वाटलं, गेले असान," ते एवढंच म्हणाले. मार्थाबाईंनी पदर भिजवून त्यांचं तोंड पुसलं आणि रागावल्यासारखं केलं.

पुन्हा रूळ वाजला. भाजी ढवळणाऱ्या बाया पळी हातात घेऊनच दाराशी आल्या. पाटील, बौद्ध वस्तीतली माणसं, सगळे खिडक्यांना लागले. धर्मकाठी पुन्हा जोडली गेली. बिशपसाहेबांनी दहा आज्ञा विचारल्या. लाजरबाबांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. एक, दोन, तीन सुरळीत गेल्या. चौथीच्या मध्यावर ते एकदम कडाडले, "हो कपिले! मांगं फिर!" आणि तसेच पाचवीवर गेले. आठवीला पुन्हा कुठल्या तरी गोऱ्ह्याला हाकललं. पाठांतर केलं होतं तसंच्या तसं बाहेर येत होतं. खिडक्यांतली माणसं हसून हसून बेजार झाली. बिशपसाहेबांचे खांदे हलत होते.

"एकही चुकली नाही," ते डोळे पुसत म्हणाले, आणि त्या काटे अडकलेल्या पांढऱ्या डोक्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

मग वेदीवर भाकर आणि द्राक्षरस पुन्हा मांडला गेला. मार्थाबाई उठल्या. लाजरबाबांना कुठे गुडघे टेकायचे ते माहीत नव्हतं. मार्थाबाईंनी त्यांचा दंड धरून जागा दाखवली. दोघं शेजारी शेजारी टेकले. मी पेटी वाजवत होते, पण सूर कोणते लागले ते मला विचारू नका. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

रोडगे-वांग्यावर आम्ही असा हात मारला, की श्यामरावांना कमरेचा पट्टा सैल करावा लागला. लाजरबाबांनी जेवणानंतर धर्मकाठी हातात घेऊन निरखली. "देखणी हाय जी," ते म्हणाले, "पण ढोरं वळवाले कामाची नाई. तीन जागी मोडन."

उन्हं उतरल्यावर दुसऱ्या गावाला निघालो, वाट पुन्हा नदीतूनच होती. नदीत कळप पाण्याला आला होता, मागे लाजरबाबा. श्यामरावांनी अलीकडेच इंजिन बंद केलं आणि शेवटची गाय पलीकडे जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"श्यामराव, इंजिन कसं आहे आता?" बिशपसाहेबांनी विचारलं.

"थंड हाय, साहेब."

"सकाळइतकंच?"

श्यामरावांनी घाईने गाडी सुरू केली. मी दुपट्ट्यात तोंड खुपसून हसत बसले.

सुट्टी संपली, मी नाशिकला परतले. शिक्षक-खोलीत सगळ्यांनी विचारलं, ऊन कसं होतं? मी सांगितलं, भयंकर होतं, पुढच्या मे महिन्यात पुन्हा जाणार आहे. चर्चमध्ये तेच पंखे, तीच बाकं, तोच ऑर्गन. फक्त एक सवय नवी लागली आहे. प्रभुभोजनाला सगळे पुढे जाऊ लागले, की वाजवता वाजवता माझी नजर मागच्या भिंतीकडे जाते. कुणी तिथे बसून राहिलं असेल, तर मी आणखी एक कडवं वाजवते.