आईचे पाय आणि धारेच्या पायऱ्या

“अबे, पाडतं का मले! ठेव खाली, मले चालता येते नं!”

माझ्या पाठीवरून आई अशी ओरडली, की लोणारच्या सरोवराकाठची माकडं रान सोडून पार मेहकरापर्यंत पळाली असतील. तिला चालता येत होतं, हे खरंच. तीच तर देवीची कृपा! महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या पावसाळ्यात तिला असा ताप चढला की वैद्यानेही हात टेकले. तेव्हा मी सुलतानपूरच्या पारावर साऱ्या गावादेखत बोललो, “कमळजा आई, हिला उठव. नवरात्रात हिला पाठीवर घेऊन तुझ्या दर्शनाला येईन, परत वर चढेपर्यंत हिचा पाय भुईला लागू देणार नाही.” दुसऱ्याने नारळावर भागवलं असतं. पण मी पडलो म्हशीला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. निदान सांगायचो तरी तसंच.

सरोवराकाठच्या देवळाकडे उतरताना मी हरिण होतो. दर्शनही आईने माझ्या खांद्यावरूनच घेतलं. परतीला मात्र, जिथे शेजारी धार कोसळते त्या ओल्या पायऱ्यांवर, त्या हरणाचा थकला बैल झाला. आई हलकी व्हायची तर दर पायरीला जड होत होती. मागून येणारी माझी बायको म्हणाली, “आत्याबाई, गप बसा. तुमच्या बोलण्याचंबी वजन पडते यायले.” कुणालाच हसू आलं नाही. पाय टेकला तर ताप परत येईल, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. ती आईहूनही जड होती. डोळे मिटून म्हणालो, “आई कमळजे, माझं बळ संपलं. आता तू पाहा.”

“काय झालं भाऊ?” डोळे उघडले तर मागून एक मनियारीण येत होती, डोक्यावर बांगड्यांची पेटी, काखेत गोधडी. आईने पाठीवरूनच सारी कथा सांगितली. बाईने गोधडी पायरीवर टाकली. “अम्माले मांडी घालून बसव. पाय गोधडीवर, भुईवर नाही. दम खा, मंग उचल.”

इतकं सोपं होतं! आई बसली. मी पोटभर श्वास घेतला. अशी गोधडी टाकत, दम खात, आम्ही वर पोचलो तेव्हा लोकांनी देवीचा असा जयघोष केला की धारेचा आवाजसुद्धा बुडाला. मी वर चढलो ते माझ्या बळावर नव्हे. बळ संपलं असं कबूल केलं तिथूनच खरी चढण सुरू झाली. एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि आजही ते आठवलं की हात आपोआप जोडले जातात.

बाई गोधडी उचलून गर्दीत निघून गेली होती. जत्रेत तिचं दुकान शोधून काढलं, पाया पडलो, भरल्या डोळ्यांनी म्हणालो, “तुमच्या रूपात देवीच आली होती.”

तिने एका पोरीच्या हातात बांगडी सरकवली.

“असंल. जरा बाजूले व्हा भाऊ, उजेड अडते.”