डाव्या बाजूची वाटी

आमच्याकडे मॅच हरली की पोहे होतात. जिंकल्यावर मुली कुठेतरी बाहेर जाऊन चीज घातलेलं काहीबाही खातात, तेव्हा आमची आठवण कोणाला येतेय! हरल्या की मात्र रविवारी सकाळी अख्खी टीम आमच्या नोएडाच्या सोसायटीच्या गच्चीवर हजर. कारण त्यांचे कोच म्हणजे आमचे हे. मंत्रालयातून रिटायर झाल्यापासून शेजारच्या सेक्टरमधल्या मुलींना हॉकी शिकवतात. आणि त्या टीममध्ये लेफ्ट हाफला आमची नात.

गेल्या हिवाळ्यात सेमीफायनल हरलो. हरलो म्हणते खरी, मी आपली शाल गुंडाळून बाकावर बसले होते. समोर हरियाणाच्या मुली. दोन-एक झालं आणि ते दोन्ही गोल आमच्या डाव्या बाजूने आले. हॉकी मला कोणी शिकवलेली नाही, पण इतकी वर्षं यांचं ऐकून भिंतीलाही कळायला लागली असती. त्यांची राइटची मुलगी बॉल घेऊन सुटायची, आमच्या पोरीला स्टिक उलटी करून अडवायला लागायचं, आणि तोवर ती बया पुढे गेलेली असायची. एकदा नाही, सारखंच.

रविवारी पोह्यांना फोडणी देताना मी यांना म्हटलं, "अहो, तिचं सगळ्यांसमोर नका काढू."

"बाकीच्यांचं सगळ्यांसमोर काढतो. मग तिचं काय देवघरात नेऊन काढू?"

झालं. मी पोहे परतायला घेतले.

गच्चीवर उन्हात सतरंजी घालायची, आणि तिच्यावर हे आमच्या स्टीलच्या वाट्या मांडतात. एकेक वाटी म्हणजे एकेक मुलगी, गोलकीपर म्हणजे तांब्या, राखीव मुली म्हणजे बाजूला ठेवलेले पेले. कमी कुठे पडलो ते वाट्या सरकवून दाखवायचं. त्यामुळे त्या दिवशी पोहे बशीतून.

आधी सेंटर फॉरवर्डचा नंबर लागला. "ये कटोरी गोल के सामने जाकर फोटो खिंचवाती है," हे म्हणाले. मुली हसल्या, ती स्वतःही हसली. मग पेनल्टी कॉर्नर. आत येणारा बॉल नीट थांबवणारी आपल्याकडे कोणी नाही, ते बोलून झालं. मग यांचा हात डावीकडे गेला.

"दादाजी, उधर तो बस लक खराब था," कॅप्टन घाईने म्हणाली. चांगली पोर आहे.

"दोनों बार?"

कॅप्टन बशीतले मटार वेचायला लागली.

यांनी ती वाटी उचलली. बाकीच्या पटापट सरकवल्या होत्या, ही हातातच राहिली. आणि माझ्याकडे बघितलं. मला! लिफ्टमध्ये मी दिसले तर लोक जिन्याने जातात इतकी माझी बडबड, आणि तेव्हा मी पोह्यांवर उगाच कोथिंबीर भुरभुरत बसले. राहू द्या म्हणायचं? मी बाकावरून सगळं पाहिलं होतं. काढा म्हणायचं? माझ्या जिभेला ते जमलं नसतं.

"आजोबा, ठेवा ना यार खाली. सगळ्यांना दिसलंय," नात म्हणाली. यांच्या हातून वाटी घेतली, सतरंजीच्या बाहेर ठेवली. एक पेला उचलून तिच्या जागी मांडला आणि राखीव मुलींमधल्या एकीला हाक मारली, "इधर आ, ठीक से देख." त्यांची राइटवाली नेहमी बाहेरूनच सुटते, तू आधीच थोडी बाहेर उभी राहा, कॅप्टनला हाक देत राहा, असं सगळं तिला समजावून सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं. पोरीला कळत सगळं होतं हो, पाय तेवढे पोचत नव्हते.

हे मान हलवत राहिले. पोह्यांना हात लावला नाही.

सगळ्या गेल्यावर वाट्या खाली आणायला नातीने मला मदत केली. ओट्याशी पाठमोरी उभी राहून विसळत होती.

"आजी, तू तर बघत होतीस. मी खरंच इतकी स्लो आहे?"

"चहा टाकू का गं?"

"आजी, मी कधी चहा पिते?"

मी तरी गॅस पेटवला आणि दोन कप पाणी ठेवलं.