कॉलरमधलं नाव

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या पहिल्या थंडीत मी जुन्या कपड्यांच्या दुकानातून काळा लोकरीचा कोट घेतला. गल्ल्यावरच्या आजीबाईंनी घडी घालताना कॉलर उलटली. आत लाल दोऱ्यानं, हातानं भरलेलं नाव होतं : लेओनी. ‘ओल्ड फ्रेंच नेम,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या आजीच्या वेळचं, आता कुणी मुलींना ठेवत नाही. त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं आणि मी घर येईपर्यंत बसमध्ये पुटपुटत राहिले. काय हलकं नाव! कुठं जीभ अडत नाही, आणि शेवटचं ‘नी’ म्हणताना तोंड आपोआप हसरं होतं.

मला नाव नव्हतं अशातला भाग नाही. चांगली दोन होती. पहिलं आईवडिलांनी ठेवलेलं, सव्वीस वर्षं वापरलेलं. त्याच नावानं मी नागपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. दुसरं लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं. निवड सासूबाईंची. सगळे वाकून बघत होते, पेढे वाटले गेले, मीही हसत होते. फोटोत दिसतं ना! मग पासपोर्ट त्या नावाचा, व्हिसा त्या नावाचा. तो व्हिसाही नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला, मला काम करायची परवानगी नाही. तो सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला की घरात मी आणि डिशवॉशर, खिडकीबाहेर बर्फ. अशी चार वर्षं. जीव गुदमरायचा माझा.

इथं कॉफीच्या दुकानात नाव विचारतात. सासरचं नाव तीनदा सांगूनही काउंटरवरच्या मुलीला कळेना, मागं रांग खोळंबली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘लेओनी.’ तिनं झटक्यात कपावर लिहिलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास मी लेओनी असायचे. फ्रान्सबद्दल मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळं माझी लेओनी हवी तशी वागायची. तिच्याकडे गाडीचं लायसन्स होतं. ती दहाला उठायची, कुणाच्या डब्याची तिला फिकीर नव्हती, आणि कुठल्याही कागदावर ती कुणाची बायको म्हणून आलेली नव्हती. रिकामा कप घरी आणला तर कचऱ्यात टाकताना मी नाव आतल्या बाजूला करायचे. चोरी केल्यासारखं वाटायचं, आणि तसं वाटतं याचाच मला राग यायचा.

मुलगी होणार हे कळल्यावर मी ते नाव सुचवलं. नवरा खो खो हसला. ‘यार, तिकडे सगळे लोणी म्हणतील! आणि आईनं नाव फायनल केलंय.’

सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, ‘अगं, नातीचं नाव मी नाही ठेवणार तर कोण? तुझंही मीच ठेवलं होतं ना!’

मी मान डोलावली. चार वर्षांत तेवढं मात्र छान जमायला लागलं होतं.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी जन्मदाखल्याचा फॉर्म आला. लेक माझ्या कुशीत, नवरा खुर्चीत बसून फॉर्म भरत होता. मुलीचं नाव, सासूबाईंनी ठरवलेलं. आईचं नाव, पासपोर्टवरचं. मग तो थांबला. ‘मदरचं लग्नापूर्वीचं नाव... ओके, फक्त सरनेम चेंज करतो.’ आणि त्यानं आताच्या नावापुढं माझ्या वडिलांचं आडनाव लिहायला घेतलं. अशी बाई जगात कधी नव्हतीच.

‘थांब,’ मी म्हटलं. ‘ते चूक आहे. दे इकडे.’

‘अगं, जुनं नाव कशाला? पासपोर्टशी मॅच होणार नाही. उद्या इमिग्रेशनला प्रॉब्लेम झाला तर?’

‘त्यांनीच विचारलंय,’ मी म्हटलं. ‘चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय.’

पेन हातात आलं तेव्हा लेओनी आठवलीसुद्धा नाही. मी माझं नाव लिहिलं. सवय गेली होती. दुसऱ्या अक्षराला हात अडखळला, ते गिरवावं लागलं, आणि मला रडू कोसळलं. नवऱ्यानं फॉर्म परत घेतला. त्यानं खोडलं मात्र नाही. मुलीचं नाव सासूबाईंचंच राहिलं आणि व्हिसा होता तिथंच टांगलेला राहिला.

दीड महिन्यानं लेकीला त्याच कोटात गुंडाळून घेऊन मी कॉफीच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी ओळखीचं हसली आणि न विचारताच कपावर लेओनी लिहायला लागली. मी तिला थांबवलं आणि माझं नाव सांगितलं. तिला कळलं नाही. मागं रांग होती. तीनदा सांगावं लागलं.

मी तीनदा सांगितलं.