बावीस फायली आणि एक लाल काट

वर्ध्याच्या बसस्टँडवर आईने डोळे पुसले आणि बाबांनी माझ्या पिशवीत एक जुनी वही कोंबली. बाबा कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तिथल्या एकूण एक प्रयोगाचं 'बरोबर' उत्तर त्यांनी त्या वहीत उतरवून ठेवलं होतं. "घे, यात सारं हाय. अडलीस तं पाहून घेजो," ते म्हणाले. तेव्हा मला भरून आलं होतं. आज त्या वहीची किळस येते, आणि ती जपून ठेवणाऱ्या माझी त्याहून जास्त.

जबलपूरला विजय नगरमधल्या एका खाजगी शाळेत मी चार वर्षं फिजिक्स शिकवते आहे. घरी वरणभात, शाळेत 'गुड मॉर्निंग मॅम', भाजीवाल्याशी 'भैया, सही लगाओ'. भांडायलासुद्धा मराठी माणूस नाही. त्यात शाळेने करिअर मार्गदर्शन माझ्या गळ्यात मारलं. म्हणजे काय, तर कुणी कोचिंगवाला येतो, विज्ञानात डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून काही नसतंच असं तासभर ओरडतो, फॉर्म वाटतो, समोसे हाणतो आणि फोटो काढून जातो. शी!

म्हणून शहराबाहेरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने सुट्टीत दोन मुलांना पंधरा दिवस आपल्या टेस्टिंग लॅबमधलं काम बघू द्यायचं कबूल केलं, तेव्हा मी हरखले. अकरावीतल्या सरिताला तर तेच हवं होतं. ती मझौलीची, इथे मावशीकडे राहते. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं: सायन्स शिकून माणसं नेमकं काय काम करतात ते दाखव, नाहीतर शिक्षण पुरे, परत ये. "मॅम, मेरा नाम डाल दीजिए ना," असं ती दोनदा येऊन म्हणाली.

निवड प्रॅक्टिकलच्या मार्कांवर होती. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वत्वरण काढायचं होतं. एकवीस फायलींमध्ये उत्तर ९.८, सरिताचं १०.५. बाबांच्या वहीतही ९.८. मी लाल शाईने काट मारली, मार्क कापले आणि दुसरी दोन नावं पाठवून दिली.

आठवड्याने शाळेचं एकुलतं एक स्टॉपवॉच मी सहज मोबाइलशी लावून पाहिलं. मिनिटाला दोन सेकंद मागे पडत होतं. त्या घड्याळावर झोक्याचा वेळ कमी भरणार आणि उत्तर १०.५च येणार. म्हणजे अख्ख्या वर्गात प्रयोग तिने एकटीने केला होता. बाकीच्यांनी उत्तर आधी धरून आकडे बसवले होते. वर्ध्यात मीही हेच केलं, बाबांनी कौतुकाने करू दिलं. फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग काय झालं? सारेच तसं करून राह्यले." त्या प्रेमळ आवाजाचीसुद्धा मला शिसारी आली. गाव सोडताना लोणची-पापड आपण आठवणीने घेतो. ही घाण न घेताच सोबत येते. तुमच्यापैकी जे निघाले, त्यांनी आपापलं सामान एकदा उपसून पाहावं.

प्रिन्सिपलना सांगितलं. "जाने दो मॅडम, नाम तो चले गए," म्हणत त्यांनी चहा मागवला. तो तसाच ठेवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी सरिताची फाईल घेऊन मी स्कूटीने रिछाईला गेले. लॅबच्या प्रमुख बाईंनी फाईल चाळली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. "ये किसने काटा?"

"मैंने," मी म्हणाले. मग घड्याळाचं सांगितलं, बाकीच्या एकवीस फायलींचं आणि सरिताच्या वडिलांच्या अटीचंही सांगितलं.

त्यांनी यादीत सरिताचं तिसरं नाव लिहिलं. "सोमवार से भेजिए. पिताजी को भी साथ लाए, देख लें." आणि मग, घाणेरडं काही दिसावं तसं माझ्याकडे पाहत, "कैसा स्कूल है ये? आप यहीं की हैं?"

चार वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं: नाही, वर्ध्याची. त्यात मोठी सोय होती. इथलं वाईट ते माझं नाही, आणि तिथलं सगळं चांगलंच. घर म्हणजे माझ्यासाठी तेवढंच उरलं होतं, हात झटकायची जागा.

"जी, यहीं की हूँ," मी म्हणाले आणि मान खाली घातली.