दारातल्या चिंचेनं माझी बाजू घेतली

"शेती किती?" या एका प्रश्नानं आज सगळं फिरलं, दोस्तांनो. जिच्यापायी झुरतोय, तिचे वडील, बापू, सुरतजवळ उधन्यातल्या आमच्या खोलीत स्थळ बघायला आले होते.

शेती नाही. कॉलेज अर्धवट सोडून मी इथं कापडाच्या लूमवर कामाला. डोकं तापलं, उलट बोलायला तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात गावाहून आलेली आई म्हणाली, "शेत नाही, पण गावच्या घराभोवती झाडं आहेत. शेवगा, बोरं बाजारात जातात. बाभळीच्या शेंगांवर शेळ्या जगतात. चिंच फोडून विकतो."

"चिंच उतरवतं कोण?" बापूंनी विचारलं.

"हाच. सुट्टीला येतो तेव्हा."

बापू हसले. "म्हणजे तोंडापेक्षा हात बरे याचे. अशा घरात चूल विझत नाही."

जीव भांड्यात पडला. तुमच्या दारातलं झाड तुमच्यासाठी कधी बोललंय?

"आता मोठ्यांना बोलू दे," आई म्हणाली. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.